पास आऊट, टू टाइम्स

जहाजाचा पंप धक्क्यावर अलगद टेकवला आणि मी केबिनमधून खाली पाहिलं. खाली आमचा फोरमन अबू खलील दोन्ही हात छातीशी आणून, बोटं एकमेकांत गुंफून उभा होता. क्रेनच्या भाषेत याचा अर्थ 'काम बंद'. सकाळचे दहा वाजले होते. अजून पाच उचली बाकी होत्या. मी हात बाहेर काढून 'का?' असं विचारलं. त्याने एक कागद वर धरून दाखवला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. बहरीनमध्ये मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीचं एक यार्ड होतं, तिथे मी क्रेन ऑपरेटर होतो. धक्क्यावर रुळांवरून सरकणारी उंच क्रेन असते, ती माझ्या ताब्यात होती. केबिन पाच मजल्यांच्या उंचीवर. वर जायला लोखंडी उभी शिडी. लोकांना वाटतं, एवढं मोठं यंत्र चालवायचं म्हणजे इंग्रजी पक्कं हवं. तसं काही नाही. खाली एक माणूस उभा राहून हाताच्या खुणा करतो, त्याला बँक्समन म्हणतात. अंगठा वर म्हणजे उचल, तळहात खाली म्हणजे सोड. दिवसभरात तोंड उघडायची गरज पडत नाही. त्यामुळे सहा वर्षं तिथे काढूनही माझं इंग्रजी देवरुखहून आणलं होतं तेवढंच राहिलं होतं.

तेवढंही राहिलं नसतं, पण हसनभाई होते. हसनभाई रत्नागिरीचे, आमच्या पर्सोनेल ऑफिसात क्लार्क. नईम नावाच्या वस्तीत माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. ऑफिसात त्यांचं इंग्रजी असं सुरेख की गोरे साहेबसुद्धा त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायचे, आणि माझ्याशी बोलताना मात्र थेट घरची बोली. त्यांनी मला एक वही घालून दिली होती. रोज चहाच्या सुट्टीत एक वाक्प्रचार. 'गिव्ह अप' म्हणजे वर देणं नव्हे, सोडून देणं. 'लुक आफ्टर' म्हणजे नंतर बघणं नव्हे, सांभाळणं. मी म्हणायचो, "हसनभाई, ही क्रियापदं एकटी असतात तेव्हा गरीब असतात, शेपूट लागलं की बिघडतात." ते म्हणायचे, "म्हणून तर आधी शेपूट बघायचां, मग जनावर."

नेमका तो धडा मी विसरलो.

अबू खलीलने दिलेल्या कागदावर एकच लांबलचक वाक्य होतं. त्यातलं 'इमिजिएट' मला कळलं, ताबडतोब. 'क्रेन', 'ड्यूटी', 'मेडिकल' कळलं. आणि सुरुवातीला होतं, 'यू आर स्टूड डाऊन'. स्टँड म्हणजे उभं राहणं. डाऊन म्हणजे खाली. मी अर्थ लावला की मेडिकलचं काहीतरी होईपर्यंत मी ताबडतोब क्रेनच्या खाली उभं राहायचं आहे. हुकूम विचित्र होता, पण साहेबाचा होता. मी उभा राहिलो. हेल्मेट घालून, ग्लोव्हज घालून, क्रेनच्या उजव्या पायाशी, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. सप्टेंबरचं ऊन होतं. येणारे-जाणारे मला बघत होते आणि मी त्यांच्याकडे जबाबदारीच्या चेहऱ्याने बघत होतो.

शेवटी अबू खलीलच परत आला. "मोहन, तू इधर क्या करता?"

"लेटर में लिखा है, नीचे खडा रहो."

त्याने कपाळाला हात लावला. "यल्ला, रूम जाओ. तेरे को क्रेन मफी."

मफी म्हणजे नाही. आखातात गेलेल्या माणसाला हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो. 'स्टूड डाऊन' म्हणजेही कामावरून बाजूला केलं, हे मात्र मला नंतर कळलं. "कब तक मफी?" मी विचारलं.

"इंशाल्ला," तो म्हणाला आणि गेला. तो भला माणूस होता, पण या उत्तरातून मला तारीख मिळाली नाही.

माझा व्हिसा क्रेन ऑपरेटरचा होता. क्रेन नाही तर काम नाही, काम नाही तर व्हिसा नाही. बायको आणि दोन मुली गावी होत्या. थोरली त्याच वर्षी हायस्कुलात गेली होती. गावी परतून मी काय चालवणार होतो? आमच्या तालुक्यात तेव्हा सगळ्यात उंच यंत्र म्हणजे माडाला लावलेली शिडी. हसनभाई असते तर अर्ध्या तासात कळलं असतं, पण ते मुलीच्या लग्नासाठी रजेवर रत्नागिरीला गेले होते. दोन दिवसांनी येणार होते.

तेवढा धीर मला धरवला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सेफ्टी ऑफिसरकडे गेलो. मिस्टर वॉकर. साठीला टेकलेला, लालबुंद चेहऱ्याचा इंग्रज, इंग्लंडमधल्या कुठल्यातरी बंदरातून दोनच महिन्यांपूर्वी आलेला. आल्या आल्या त्याने क्रेन ऑपरेटरांसाठी मेडिकलचा एक फॉर्म काढला होता. त्याने माझा फॉर्म समोर ठेवला आणि पेन्सिलीने एका प्रश्नावर टकटक केलं.

"मोहन, यू पास्ड आऊट. ट्वाइस."

"यस सर. टू टाइम्स." मी ताठ उभा राहिलो.

"बोथ टाइम्स इन जून?"

"यस सर. ऑलवेज इन जून."

"अँड नो ट्रीटमेंट?"

"नो सर. नो नीड."

त्याने खोल श्वास घेतला. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला की तुझ्या हुकाखाली माणसं काम करतात, तू कोणाला तरी मारलं असतंस. 'किल' हा शब्द मला चांगला कळत होता. माझं डोकंच चालेना. मी दोनदा आयटीआय पास आऊट झालो, एकदा फिटर आणि एकदा डिझेल मेकॅनिक, दोन्ही वेळा फर्स्ट क्लास. त्यात मरायचं कोणी? मग वाटलं, आपल्या सरकारी सर्टिफिकेटवर याचा भरवसा नसेल. मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "सर, नो प्रॉब्लेम. इफ कंपनी वॉन्ट, आय विल पास आऊट अगेन. हिअर, इन बहरीन. इन फ्रंट ऑफ यू."

मिस्टर वॉकरने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला आणि ड्रायव्हरला बोलावून मला खोलीवर सोडायला सांगितलं. गाडीत मी विचार करत होतो, एवढी चांगली वागणूक म्हणजे नोकरी गेलीच.

हसनभाई आले त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा. त्यांनी लग्नाचे लाडू पुढे केले. माझं तोंड बघून डबा बाजूला ठेवला. "काय झालां रे?"

मी पत्र दिलं. फॉर्मची कॉपी दिली. त्यांनी चष्मा लावला. "ह्यो फॉर्म कोणी भरलान?"

"मीच."

"बाकीच्यांचे?"

"टाइमकीपरने. सगळ्यांचे एकाच बैठकीत. म्हणाला, सगळीकडे नो लिहितो, सही करा. मला वाटलं, आपल्याला येतं तर आपण कशाला दुसऱ्याकडून..." हे मी जरा अभिमानानेच सांगितलं.

हसनभाई फॉर्म वाचत गेले. 'हॅव यू एव्हर पास्ड आऊट?' त्यापुढे माझी ठसठशीत टिक: येस. 'हाऊ मेनी टाइम्स?' टू टाइम्स. 'व्हेन?' जून मंथ. 'ट्रीटमेंट रिसीव्हड?' निल. 'निल' त्यांनीच शिकवला होता. त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मग ते चष्मा काढून पलंगावर आडवेच झाले. मी उभा. हसू ओसरायला पाच मिनिटं लागली.

"मोहन, पास आऊट म्हंजे काय माहीत हा तुला?"

"पास होऊन बाहेर पडणं. आपल्याकडे सगळे म्हणतात. प्रिन्सिपॉलसुद्धा."

"आपल्याकडे म्हणतात. साहेबाकडे पास आऊट म्हंजे चक्कर येऊन पडणां. शुद्ध जाणां. तू लिवून दिलंस की मी दोनदा बेशुद्ध पडलो, दरवर्षी जूनमध्ये पडतो आणि औषध घेत नाय."

मला वॉकरच्या खुर्चीचा आणि पाण्याचा अर्थ तेव्हा लागला. त्याच्यासमोर पुन्हा पडून दाखवायची तयारीही मी दर्शवून आलो होतो. मग आम्ही दोघंही हसलो आणि मी चार लाडू खाल्ले.

सकाळी हसनभाई मला घेऊन वॉकरच्या ऑफिसात गेले. मी ट्रंकेतून दोन्ही सर्टिफिकेटं काढून नेली होती. हसनभाईंनी ती टेबलावर मांडली आणि शांतपणे म्हणाले, "सर, दीज आर द टू ऑकेजन्स." वॉकरने एक वाचलं, दुसरं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. इंग्रज माणूस मोठ्याने हसत नाही असं मी ऐकलं होतं. ते चूक आहे. बाहेरच्या सेक्रेटरीने दार उघडून आत डोकावलं.

डोळे पुसून त्याने जुना फॉर्म फाडला आणि कोरा पुढे सरकवला. "टिक नो, साइन, अँड गो बॅक टू युवर क्रेन."

मी पेन घेतलं. प्रश्न पुन्हा वाचला. 'हॅव यू एव्हर पास्ड आऊट?' आता मला तो कळत होता. हाच घोटाळा झाला. कळल्यावर माझं पेन थांबलं.

आदल्या वर्षीची गोष्ट आहे. ऑगस्ट, श्रावणी सोमवार. माझा उपास होता. उपासाला पाणी चालतं, पण क्रेनवाला उपास नसतानाही पाणी कमीच पितो. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. वर केबिनमध्ये संडास-मुतारी नसते. पाणी प्यालं की तासाभराने पाच मजले उतरा, पाच मजले चढा, तोवर खाली सगळे खोळंबलेले. म्हणून आम्ही सगळे कोरड्या घशाने बसायचो. त्या दिवशी दुपारी जहाजाच्या इंजिनाचं एक झाकण हुकाला होतं. आधी कानात गुणगुण झाली, मग कडेने अंधारून आलं. पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा माझं डोकं काचेला टेकलेलं होतं आणि झाकण हवेत जिथल्या तिथे लोंबकळत होतं. क्रेनच्या लिव्हरला एक सोय असते. हात सुटला की लिव्हर आपोआप मधोमध येतो आणि ब्रेक लागतो. त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. मेलेल्या माणसाचं हँडल. त्या दिवसापर्यंत ते मला नुसतं नाव वाटत होतं. खाली बँक्समन खुणा करत होता, चल, चल. त्याला वाटलं, मी वाऱ्यासाठी थांबलोय. झाकणाच्या बरोबर खाली एक माणूस वाकून पाइप उचलत होता.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला पत्रातसुद्धा नाही. सांगितलं असतं तर क्रेन गेली असती.

"अरे, नो वर टिक कर," हसनभाई कानाशी पुटपुटले. "थांबलास कित्या?"

मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते तितक्याच हळू म्हणाले, "ह्यां इथे बोलायची गरज नाय. तुज्या पोरींचा विचार कर." हसनभाई खोटं शिकवणारा माणूस नव्हे. ते माझ्यासाठी घाबरले होते. मीही घाबरलो होतो. पण मला तो वाकलेला माणूस दिसत होता, आणि माझ्याच अज्ञानाने तो प्रश्न दुसऱ्यांदा माझ्यासमोर आला होता. पहिल्या वेळी कळला नाही म्हणून सुटलो. आता कुठली सबब सांगायची?

"सर," मी म्हणालो, "नाऊ आय नो द मीनिंग. नाऊ आन्सर इज येस. वन टाइम."

वॉकरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने दार लावून घेतलं. मी मराठीत सांगितलं, हसनभाईंनी इंग्रजीत. श्रावणी सोमवार इंग्रजीत सांगताना त्यांना दोन वाक्यं जास्त लागली. वॉकर मध्येच एकदा म्हणाला, "वेअर डू यू गो टू द टॉयलेट?" आणि त्याचं उत्तर ऐकून त्याने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं.

तो उठला, हेल्मेट घेतलं आणि म्हणाला, "शो मी."

भर उन्हात तो साठीचा माणूस माझ्यामागून पाच मजले शिडी चढला. मध्ये दोनदा थांबला. केबिनमध्ये माझ्या सीटवर बसून राहिला, थर्मामीटर हातात धरून. मी दारात उभा. वीस मिनिटांनी त्याचा शर्ट पिळता आला असता. खाली उतरल्यावर तो थोडा वेळ धक्क्यावरच बसला आणि अबू खलीलने आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या त्याने एका दमात संपवल्या. मग हसनभाईंना म्हणाला, "टेल हिम, ही इज नॉट सॅक्ड." 'सॅक्ड' मला येत नव्हता. सॅक म्हणजे पोतं एवढंच माहीत होतं. हसनभाईंनी भाषांतर केलं आणि मी तिथेच, धक्क्यावर, सगळ्यांदेखत रडलो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

तीन आठवडे मी क्रेनवर चढलो नाही. मला स्टोअरमध्ये वायर रोप आणि साखळ्या तपासायला बसवलं. मनाम्याला डॉक्टरकडे हृदयाची, डोक्याची, रक्ताची तपासणी झाली. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी सांगितलं. त्यांनी फाइल मिटली. चौथ्या आठवड्यात मी परत वर गेलो. केबिनमध्ये पाण्याचा थर्मास होता आणि दर दोन तासांनी मला उतरवायला बदली ऑपरेटर येत होता. पुढच्या उन्हाळ्याआधी केबिनना एसी बसले.

पण खरी गोष्ट मधल्या दिवसांत घडली. वॉकरने फॉर्म पुन्हा काढला. यावेळी त्या प्रश्नाखाली प्रत्येकाच्या भाषेत एकेक ओळ होती. मराठी ओळ हसनभाईंच्या अक्षरात होती: 'चक्कर येऊन कधी शुद्ध गेली आहे का?' हिंदी, उर्दू, मल्याळम, अरबी, जो तो आपली वाचत होता. फॉर्म वाटण्याआधी त्याने आम्हा चौदा ऑपरेटरांना यार्डात गोळा केलं आणि सांगितलं की 'येस' लिहिल्याबद्दल कोणाचीही नोकरी जाणार नाही. पुरावा म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी स्टोअरच्या दारात उभा होतो, हातात साखळी घेऊन. टाइमकीपरला त्या दिवशी पेन हातात घेऊ दिलं नाही.

चौदापैकी, मला धरून, पाच जणांनी 'येस'वर टिक केली.

म्हणजे आमच्यापैकी पाच जण आपापल्या केबिनमध्ये, आपापल्या दुपारी, त्या मेलेल्या माणसाच्या हँडलच्या भरवशावर लोंबकळून आले होते आणि कोणी कोणाला बोलले नव्हते. पाचही जणांच्या तपासण्या झाल्या. एकाला साखरेचा आजार निघाला, त्याला खालचं काम मिळालं. चौघं परत वर गेले. कोणालाही घरी पाठवलं नाही.

त्या यार्डात मी आणखी अकरा वर्षं काम केलं. दोन्ही मुलींची शिक्षणं त्या क्रेनवर झाली. मिस्टर वॉकर निवृत्त होऊन गेला तेव्हा निरोप घेताना म्हणाला, "टेक केअर, मोहन. डोन्ट पास आऊट." मी म्हणालो, "नेव्हर अगेन, सर. नॉट इव्हन विथ फर्स्ट क्लास." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं इंग्रजी वाक्य, जे हसनभाईंनी आधी तपासलं नव्हतं आणि तरी बरोबर निघालं. हसनभाई आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. 'पास आऊट'च्या पानावर त्यांनी लाल शाईने 'शेपूट बघ' असं लिहिलंय. या दोन माणसांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, आणि फेडायची घाईही नाही.

मला विचाराल तर यातून एवढंच शिकलो: फॉर्म स्वतः भरावा, प्रश्न कळला नाही तर विचारावा, आणि कळला की मग खरं लिहावं. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींपेक्षा अवघड आहे.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या आयटीआयने मला कार्यक्रमाला बोलावलं. स्टेजवर मोठा बॅनर होता: 'वेलकम टू अवर पास्ड आऊट स्टुडंट्स'. समोर तीनशे मुलं, मे महिन्याची दुपार, वर पत्रा. प्रिन्सिपॉल मोठ्या आदराने म्हणाले, "सर, काही सुधारणा सुचवायची असेल तर सांगा." मी बॅनरबद्दल काही बोललो नाही. मुलांसाठी पाण्याची सोय करायला सांगितली.